साहित्य, वजनाच्या उतरत्या क्रमाने

आमच्याकडे लग्न ठरलं की नव्या सुनेच्या माहेरच्यांना दोन गोष्टी आवर्जून दाखवल्या जात, सासूबाईंच्या पाटल्या आणि सासूबाईंची नानकटाई. पाटल्या पुढे धाकट्या दिरांच्या आजारपणात मोडाव्या लागल्या. नानकटाई राहिली.

ती घरी भाजली जात नसे. ओव्हन कुणाकडे होता तेव्हा? मे महिन्यात वाड्यातल्या चार बिऱ्हाडांचं पीठ एकाच दिवशी मळायचं आणि पितळी डब्यांत भरायचं. मग सासरे ते डबे सायकलला लावून पेठेतल्या बेकरीच्या भट्टीवर न्यायचे. तिथे पत्र्यांवर गोळे लावायला घरातली एक बाई बरोबर हवीच, नाहीतर आपली नानकटाई दुसऱ्याच्या डब्यात जायची. बेकरीवाला किलोवर भाजणावळ घ्यायचा. संध्याकाळी डबे परत आले की वाड्यात शिरतानाच वास यायचा, आणि सगळे म्हणायचे, "साजूक तुपाचा वास काय लपतोय!"

गेल्या दिवाळीत एका कंपनीनं माझ्याकडे ह्याच नानकटाईचे चाळीस डबे मागितले. डब्यावर लेबल हवं, आणि लेबलावर एक ओळ हवी, 'साहित्य', तेही वजनाच्या उतरत्या क्रमाने. ती एक ओळ भरायला मला तीन दिवस लागले. पण ते नंतर.

मी विकायला सुरुवात केली २०१९ साली. पतसंस्थेतली नोकरी सोडली होती, मुलगी बाहेरगावी शिकायला गेली होती, आणि कोथरूडच्या दोन खोल्यांच्या घरात दुपार फार लांब वाटत होती. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'घरगुती केक व बिस्किटे मिळतील'. केक बरे होत होते, पण खपले ते त्या पहिल्या शब्दावर. आपल्याकडे 'घरगुती' ह्या शब्दाला काय चमत्कारिक वजन आहे! घरगुती डबा, घरगुती मसाले, घरगुती शिकवणी, एवढंच काय, लॉजच्या पाटीवरसुद्धा घरगुती वातावरण. वड्याला हात लावण्याआधी गाडीवरच्या कढईतलं तेल वाकून पाहणारा माणूस घरगुती म्हटलं की डोळे मिटून खातो. मीही त्यातलीच. दिवाळीच्या चकल्या ज्या काकूंकडून घेत आले, त्या कुठल्या तेलात तळतात हे मी वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

दोन वर्षं हे असं छान चाललं. मग २०२१ चा श्रावण आला.

आमच्या पहिल्या मजल्यावर एक आजी आहेत. चातुर्मास कडक. कांदा, लसूण, वांगं तर सोडाच, त्या चार महिन्यांत बाहेरचं पाणीसुद्धा नको. पण माझा बिनअंड्याचा केक त्यांना चाले, कारण तो 'आपल्यातलाच'. नातवाच्या वाढदिवसाला त्यांनी एक किलोचा सांगितला. त्याच दिवशी चौथ्या मजल्यावर खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचा एक होता, अंड्याचा. दोन्ही चॉकलेटचे, दोन्ही पांढऱ्या खोक्यात, दोन्ही रात्रभर फ्रिजमध्ये. कुठला कुणाचा ते मी चिठ्ठीवर लिहून वर चिकटवलं होतं. फ्रिजमधल्या ओलाव्यानं चिठ्ठ्या सुटल्या. सकाळी घाईत मी त्या उचलून पुन्हा लावल्या.

चूक मला रात्री कळली, जेव्हा वरची मुलं म्हणाली, "काकू, ह्या वेळी जरा घट्ट झाला होता." मी मटकन खाली बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचं ठरवून पहिल्या मजल्यावर गेले, तर दार उघडताच आजीच म्हणाल्या, "केक फार हलका झाला होता हो. नेहमीपेक्षा छान. काय घातलंस?"

मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं असं मला वाटत राहिलं. त्यांच्या सूनबाईंकडून नंतर कळलं की आजींनी दोन दिवस फक्त दूध घेतलं. आमच्याशी बोलणं त्यांनी सोडलं नाही. भाजी आणताना जिन्यात भेटल्या की तब्येत विचारतात. पण आमच्या घरची संक्रांतीची तिळाची वडीसुद्धा त्यानंतर त्यांनी तोंडात टाकलेली मी पाहिली नाही. हातात घेतात, पदरात बांधतात.

कायद्याकडे मी वळले ती ह्या घटनेनंतर. कुणी तक्रार केली नव्हती, कुणी नोटीसही पाठवली नव्हती. चिठ्ठीपेक्षा घट्ट चिकटणारं काहीतरी हवं होतं, एवढंच.

पहिलं वाचलं ते अंड्याबद्दल. आपल्या अन्न कायद्याच्या व्याख्येत अंडं मांसाहारात धरलं आहे, दूध नाही. म्हणजे अंड्याच्या केकला हिरवा ठिपका चालत नाही, तपकिरी खूण लागते. पूर्वी तिथेही चौकोनात तपकिरी ठिपकाच असे. २०२० च्या लेबलच्या नियमांत त्याचा त्रिकोण झाला, म्हणजे ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांनाही आकारावरून फरक कळावा. मांसाहारी घटक अंडं एवढाच असेल तर तसं वेगळं लिहिण्याची मुभा आहे. मी वाचून थक्क झाले. माझ्या फ्रिजमध्ये त्या रात्री जे घडलं त्यावरचा उपाय कुणीतरी आधीच आखून, मोजून, छापून ठेवला होता.

मग नोंदणी. आमच्या ओळखीतल्या एका एजंटानं अडीच हजार सांगितले. मी ते द्यायलाही निघाले होते, पण पतसंस्थेत वीस वर्षं काढलेल्या बाईला फॉर्म दिसला की तो स्वतः वाचल्याशिवाय चैन पडत नाही. फॉसकॉस नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिच्यावर अर्ज भरायचा असतो. वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असलेल्यांना तेव्हा परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरत होती, आणि तिची फी होती वर्षाला शंभर रुपये. फोटो, ओळखपत्र, पत्ता, काय बनवता ते. पाच वर्षांची एकदम भरली तरी पाचशे. बाकीचे दोन हजार एजंट कशाचे घेणार होता, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. नियमात अशीही तरतूद होती की सात दिवसांत अधिकाऱ्यांनी नोंदणी द्यावी, कारण देऊन नाकारावी, नाहीतर तपासणीचा आदेश काढावा. आणि काहीच कळवलं नाही तर छोट्या व्यावसायिकानं धंदा सुरू करायला हरकत नाही. सरकारी कागदात इतकं समजूतदार वाक्य मी क्वचित वाचलंय.

सासूबाई समोर बसून ऐकत होत्या. त्यांना सगळ्यात लागला तो छोट्या व्यावसायिकाच्या व्याख्येचा भाग. त्यात फेरीवाले येतात, फिरते विक्रेते येतात, तात्पुरते स्टॉल लावणारे येतात आणि आपण घरून विकणारेही येतो. "म्हणजे मी आणि तो पाणीपुरीवाला एका रांगेत?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, रांगेत आणखी बरेच आहेत. धार्मिक कार्यक्रमात अन्न वाटणारेसुद्धा." ते खरंच आहे. शिवाय २००६ च्या मूळ कायद्यात अन्न व्यवसायाची व्याख्या करताना शब्द आहेत, नफ्यासाठी असो वा नसो. मी फक्त बहिणींना आणि मैत्रिणींनाच देते, खर्चापुरतेच पैसे घेते, हे जे आपण स्वतःला सांगत असतो ना, त्याला त्या व्याख्येत कुठेही जागा नाही.

त्या नियमांना जोडलेलं एक परिशिष्ट आहे, चौथं. स्वयंपाकाची जागा आणि माणूस कसा असावा त्याची यादी. मी ती सासूबाईंना मराठीत सांगत गेले. नखं कापलेली. हात धुतलेले. पाणी पिण्यालायक. केरडबा झाकणाचा. ताप, जुलाब, हाताला जखम असलेल्यानं अन्नाला हात लावायचा नाही. उंदीर, झुरळ, माशी नको. कच्चं आणि शिजवलेलं वेगळं. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"अगं, ह्याला आम्ही सोवळं म्हणायचो. तेव्हा तुम्ही सगळे हसायचात."

मला हसूही आलं आणि पटलंही नाही. सोवळ्यात कोण शिवलं हे पाहत. इथे हात कशाचा आहे ते विचारत नाहीत, तो धुतलाय का एवढंच विचारतात. पण हा वाद मी त्या दुपारी घातला नाही. त्यांनी स्वतःहून ओट्याखालचा जुन्या डब्यांचा ढीग आवरायला काढला होता.

नोंदणीचा चौदा आकडी नंबर काही दिवसांत आला. सुरुवात २ नं. परवान्याचा असता तर १ नं झाली असती. मी तो पाठ केला आहे. आधार क्रमांक अजून पाठ नाही.

खरी तपासणी झाली ती सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत. नोंदणी झाल्याचं मी आनंदानं ग्रुपवर टाकलं ही माझी चूक. तोपर्यंत केक विकणारी वहिनी होते, आता 'फ्लॅटचा व्यावसायिक वापर' झाले. एका काकांना लिफ्टमध्ये डिलिव्हरीची मुलं दिसत होती. एकांना व्हॅनिलाच्या वासानं मायग्रेन होत होतं, म्हणजे अलीकडे, नोंदणी झाल्यापासून. कुणीतरी म्हणालं, स्वतः राहणाऱ्यांना पुणे महापालिका घरपट्टीत चाळीस टक्के सवलत देते ती अख्ख्या इमारतीची जाईल. हे शेवटचं म्हणजे निव्वळ भीती होती, पण पुण्यात घरपट्टीच्या सवलतीचं नाव काढलं की सभा एकदम गंभीर होते.

सेक्रेटरींनी अभ्यास केला होता, हे मान्य करायला हवं. त्यांनी बांधकाम नियमावलीतला उतारा वाचून दाखवला. निवासी भागात घरातल्या माणसांनी, पगारी नोकर न ठेवता, परंपरेनं घरी चालणारे व्यवसाय करायला मुभा आहे, शिवणकाम, भरतकाम, बटणं करणं वगैरे. मात्र यंत्रशक्ती वापरली तर विजेचा भार पाऊण किलोवॉटच्या, म्हणजे एक अश्वशक्तीच्या वर जाता कामा नये. मग चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमचा ओव्हन किती वॉटचा?"

पंधराशे. मी म्हटलं, "यंत्रशक्ती म्हणजे मोटर. ओव्हन तापतो, फिरत नाही." इकडे हशा पिकला, पण बीटर फिरतो हे माझ्या मनात होतंच. मी महावितरणच्या दरपत्रकाचा कागद पुढे केला. घराच्या एका भागातून व्यवसाय करणाऱ्यांचा वापर महिन्याला ३०० युनिट आणि वर्षाला ३६०० युनिटच्या आत असेल तर घरगुती दर लागू राहतो, असं त्यात होतं. इथेही शब्द घरगुतीच, पण आकड्यानं बांधलेला. माझी बारा महिन्यांची बिलं मी बरोबर नेली होती. शेवटी ठराव झाला तो असा: नोकर ठेवायचा नाही, पाटी लावायची नाही, डिलिव्हरीची मुलं खाली थांबतील, रात्री नऊनंतर बीटर नाही. एवढ्या अटींवर ना हरकत मिळाली. मायग्रेनवाल्या काकूंनी सभा संपल्यावर मावा केक सांगितला.

गॅसचंही तेव्हाच आटपलं. चौदा किलो दोनशे ग्रॅमचा लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी असतो. त्यावर विकायचा जॅम आटवत बसणं बरोबर नव्हतं. आता विकायचं ते सगळं विजेवर.

कराबद्दल फार सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. वस्तू विकणाऱ्यांना आपल्या राज्यात जीएसटीची नोंदणी चाळीस लाखांच्या पुढे लागते. माझी वही बघून सीए असलेला भाचा म्हणाला, "मावशी, तू काळजी करू नकोस," आणि ते जरा जास्तच हसत म्हणाला. एक मेख मात्र आहे. माल विकून दुसऱ्या राज्यात पाठवायचा असेल तर चाळीस लाखांची सवलत उपयोगाची नाही, पहिल्या डब्यापासून नोंदणी लागते. पुतणीनं बेंगळुरूच्या ऑफिससाठी दहा डबे मागितले तेव्हा हे कळलं. ते डबे भेट म्हणून गेले, पैसे घेतले नाहीत. करवाल्यांना पैशाशी कर्तव्य. अन्नवाल्यांना तेही नाही, त्यांच्या लेखी भेटीचा डबासुद्धा डबाच. सप्टेंबर २०२५ मध्ये केक-बिस्किटांवरचा कर अठरावरून पाचवर आला तेव्हा लोक माझं अभिनंदन करत होते. मला फायदा झाला तो लोणी आणि तूप बारावरून पाचवर आलं त्याचा.

तर आता ते चाळीस डबे.

ग्राहकासमोर केक कापून देणं वेगळं आणि आधीच बंद केलेला डबा विकणं वेगळं. बंद डबा आला की वजनमापाचा कायदा येतो. निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बनवल्याचा दिनांक, कुणी बनवलं, तक्रार कुठे करायची. माझा तीनशे रुपयांचा ऑनलाइन काटा स्वयंपाकाला ठीक, विक्रीला नाही. त्यासाठी पडताळणी होऊन शिक्का बसलेला काटा लागतो. तो पेठेतल्या काटेवाल्याकडून घेतला. जुन्या काट्यात आणि त्यात अडीचशे ग्रॅमला सहा ग्रॅमचा फरक निघाला. सहा ग्रॅम म्हणजे अर्धी नानकटाई. इतकी वर्षं ती अर्धी नानकटाई कुणाच्या खात्यात जात होती, ते मी फार खोलात जाऊन पाहिलं नाही.

लेबल करून देणाऱ्या मुलानं नमुना पाठवला. वर मोठ्या अक्षरांत '१००% शुद्ध घरगुती', खाली 'अस्सल साजूक तुपातील पारंपरिक नानकटाई'. दिसायला सुरेख. पण २०१८ चे दाव्यांबद्दलचे नियम आहेत, त्यात होम मेड, होम कुक्ड असे शब्द ग्राहकाची चुकीची समजूत होईल अशा प्रकारे वापरू नयेत म्हटलं आहे, आणि शुद्ध, अस्सल, पारंपरिक ह्यांनाही लगाम आहे. माझी नानकटाई घरीच केलेली, मग चुकीची समजूत कसली? तरी मी तो शब्द काढला. श्रावणातला तो केकसुद्धा घरगुतीच होता.

शुद्ध काढला, अस्सल काढला. 'साजूक तुपातील' तेवढं राहू दिलं, कारण ते तर खरंच होतं.

साहित्याची ओळ भरायला सासूबाईंना घेऊन बसले. काट्यावर परात ठेवली. "आई, तुमच्या हातानं घाला, मी आकडे लिहिते." मैदा पाचशे वीस ग्रॅम. पिठीसाखर तीनशे दहा. रवा, बेसन. चिमूटभर सोडा, त्यालाही लेबलवर स्वतःचा नंबर असतो, आयएनएस ५००(ii). वेलची. "आता तूप."

त्यांनी वाटी हातात घेतली नाही. म्हणाल्या, "उद्या करू, पाय दुखतात."

दुसऱ्या दिवशी त्यांना देवळात जायचं होतं. तिसऱ्या दिवशी मी तुपाची बरणी उघडून समोर ठेवली, तेव्हा दाराकडे एकदा बघून त्या हळूच म्हणाल्या, "डालडा आण."

मला आधी कळलंच नाही. मग सगळं बाहेर आलं. वाड्यात अकरा माणसं, एकाचा पगार. साजूक तूप वरण-भाताला आणि नैवेद्याला. दोन किलो मैद्याला लागणारं तूप आणायचं कुठून? पहिल्या वर्षीच त्यांनी पीठ वनस्पती तुपात, म्हणजे डालड्यात, मळलं. आणि भट्टीवर गोळे पत्र्याला लावताना वाटीत थोडं साजूक तूप न्यायच्या, तळहाताला लावायला. वास येई तो त्याचा. सासरे गेले तोवर हेच सांगत राहिले की आमच्याकडे साजूक तुपाशिवाय नानकटाई होत नाही. सासूबाई नंतर घरच्या ओव्हनमध्येही तशीच करत आल्या, पीठ मळताना सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढून. मीही बाहेर जात आले, वीस वर्षं. हाताला गुण आहे, म्हणून शिकवत नाहीत, असं मी लोकांना सांगायची.

"मग आता सगळी तुपात करू," मी म्हटलं. तसा एक घाणा केला. पत्र्यावर ती पसरली, चवीला उत्तम, पण ती खुसखुशीत भेग काही वर पडली नाही. अर्धं-अर्धं करून पाहिलं, नाही जमलं. पुन्हा त्यांच्याच मापावर आलो. वनस्पतीही आता तो राहिलेला नाही. त्यातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. हे मी त्यांना समजावून सांगितलं, त्यांना बरं वाटावं म्हणून. त्यांना बरं वाटलं असं दिसलं नाही.

काट्यावर वनस्पती भरला दोनशे ऐंशी ग्रॅम. तळहाताला लागणारं साजूक तूप भरलं चार ग्रॅम. वेलची पाच होती.

मी ओळ टाइप केली. मैदा, पिठीसाखर, वनस्पती, रवा, बेसन, वेलची, साजूक तूप, सोडा. वरचं 'साजूक तुपातील' काढलं. नुसतं 'नानकटाई' राहिलं. नमुन्याचा कागद छापून आणला तेव्हा सासूबाई पलंगावर भिंग घेऊन बसल्या आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला लागल्या. वजन, किंमत, तारीख, चौदा आकडे, आमचा पत्ता. साहित्यापाशी आल्या तेव्हा ओठ हलायचे थांबले. मला वाटलं आता म्हणतील, फाडून टाक.

"ह्यांना कळलं नाही ते एक बरं," त्या म्हणाल्या. मग भिंग खाली सरकवून कोपऱ्यातल्या खुणेवर धरलं. "हा हिरवा ठिपका जरा मोठा करता येतो का विचार त्या मुलाला. खालच्या आजींना चष्म्याशिवाय दिसला पाहिजे."